बॅटमॅनच्या गाडीची चाकं चोरणारा पोऱ्या आणि आपण

मागच्या आठवड्यात मी इथे चार ओळींची बातमी टाकली होती. मोटारसायकल चोरीच्या गुन्ह्यात दोन विधिसंघर्षग्रस्त बालकं ताब्यात, तीन गाड्या हस्तगत. बस. नाव नाही, गाव नाही, फोटो नाही.

तरी खाली पूर आला. पहिली कमेंट, "चौकात बांधून फटके द्या." दुसरी, "बालक कसले, मिशा आल्यात त्यांना." (फोटोच नव्हता, मिशा कुठे दिसल्या देव जाणे.) तिसरी, "आडनाव सांगा." चौथी, "पत्रकार मॅनेज झाला, नाव लपवतोय." आणि एक जण तर थेट इनबॉक्सात, "भाऊ, फोटो आहे माझ्याकडे, टाकू का ग्रुपवर?"

या सगळ्यांना मिळून हे एकच उत्तर. लांब आहे, चहा घेऊन बसा. आणि सुरुवात बॅटमॅनपासून करतोय, हसू नका.

माझा मुलगा आठवीत आहे. त्याच्या नादाने मीपण कॉमिक्स वाचतो. बॅटमॅनसोबत तो रॉबिन नावाचा पोरगा असतो ना, तो एकच नाही. पहिला रॉबिन मोठा होऊन निघून गेला, मग दुसरा आला. त्याचं नाव जेसन टॉड. १९८७ साली त्याची गोष्ट नव्याने लिहिली गेली ती अशी. शहरातला बदनाम बोळ. बॅटमॅनने तिथे आपली ती जगप्रसिद्ध गाडी उभी केली आणि परत येऊन बघतो तर चाकं गायब. चोर कोण? बारा-तेरा वर्षांचं पोरगं. आई मेलेली, बाप गुंडांच्या टोळीतला. पडक्या इमारतीत एकटं राहतंय, चाकं विकून पोट भरतंय. बॅटमॅन समोर उभा राहिला तर त्याने घाबरायच्या ऐवजी हातातल्या लोखंडी पान्याने त्यालाच हाणलं.

आपल्याकडे असता तर? पुढचं सांगायला नको.

बॅटमॅनने त्याला पोलिसात दिलं नाही. वाया गेलेल्या मुलांसाठी एक म्हातारी बाई शाळा चालवत होती, तिथे सोडलं. आणि गोष्टीतली खरी गोम इथेच आहे. ती शाळा म्हणजे चोऱ्या शिकवायचा कारखाना निघाला. बाहेरून सुधारगृह, आतून टोळी. पोराने ते ओळखलं, त्यात सामील व्हायला नकार दिला, शेवटी बॅटमॅनसोबत उभं राहून त्या बाईला पकडून दिलं. तेव्हा कुठे बॅटमॅन त्याला घरी घेऊन गेला.

म्हणजे ही गोष्ट "जाऊ द्या, लहान आहे, माफ करा" अशी नाही. बॅटमॅनने पोराला पकडलं, मग पोराच्या मागे कोण मोठं माणूस आहे तेही शोधलं, आणि मग पोराची जबाबदारी स्वतःच्या घरात घेतली. या तीन कामांपैकी आपण पहिलं करतो, तेही फोटो काढण्यापुरतं.

आता पुढचं ऐका, कारण तुमच्या कमेंटशी त्याचाच संबंध आहे. हा दुसरा रॉबिन वाचकांना आवडला नाही. उर्मट आहे, ऐकत नाही, पहिल्यासारखा गोड नाही. मग १९८८ च्या सप्टेंबरात कंपनीने काय केलं? दोन फोन नंबर जाहीर केले. पोरगा जगावा असं वाटत असेल तर हा नंबर, मरावा असं वाटत असेल तर तो. एका फोनला ५० सेंट. दीड दिवस फोन चालू होते. जगावा म्हणणारे ५,२७१. मरावा म्हणणारे ५,३४३. फक्त ७२ मतांनी पोरगं मेलं. जोकरने त्याला सळईने मारलं, वर बॉम्बने उडवलं, आणि ते चित्र छापून आलं. एका माणसाने कॉम्प्युटर लावून फोनवर फोन केले होते असं ऐकल्याचं त्या वेळचे संपादक डेनिस ओनील यांनीच नंतर सांगितलं. म्हणजे फेक अकाउंटचा धंदा तेव्हाही होताच.

कॉमिकमधलं कागदी पोरगं होतं, मेलं तर मेलं. आपण ग्रुपवर मतदान घेतो ते जित्या पोरांवर. आणि आपल्याला ५० सेंटसुद्धा पडत नाहीत.

आता माझ्याकडे वळतो. नाहीतर म्हणाल, हा दुसऱ्याला शिकवतो.

पंधराएक वर्षं झाली. मी एका दैनिकात गुन्हे वार्ता बघायचो. पोलीस स्टेशनची प्रेसनोट आली, सायकली आणि मोबाईल चोरणारं नववीतलं पोरगं. तेव्हाच्या कायद्यातही अशा पोराची ओळख छापायला मनाई होती, पत्रकारितेच्या पदविकेत ते शिकवलेलंही होतं. म्हणून मी हुशारी केली. नाव छापलं नाही. फक्त लिहिलं : पाण्याच्या टाकीमागच्या गल्लीत राहणारा, हातगाडीवर केळी विकणाऱ्याचा मुलगा, आणि शाळेचं नाव. त्या टाकीमागे केळीची हातगाडी असणारा माणूस एकच होता.

तिसऱ्या दिवशी आई ऑफिसात आली. आरडाओरडा नाही, रडणं नाही. कात्रण टेबलावर ठेवलं. मी म्हटलं, मावशी, नाव कुठे छापलंय? ती म्हणाली, "नाव नही छापं भाऊ, पन उरनं काय?"

शाळेने दाखला हातात दिला. दुसऱ्या शाळेत तेच कात्रण आधी पोचलेलं. पोरगा हातगाडीवर बसायला लागला, तर गिऱ्हाईकं सुट्टे पैसे मोजून घ्यायला लागली. चार-पाच वर्षांनी परत एक प्रेसनोट आली, आता नाव छापायला मोकळीक होती, कारण तो १९ वर्षांचा होता. त्यात शब्द होता "सराईत". ती बातमीही मीच लावली. हा शब्द त्याच्या नावापुढे लागायची सुरुवात कुणी केली हे मला त्या रात्री डेस्कवर चांगलं कळत होतं, पण पान सोडायची वेळ झाली होती.

मी एकटाच सगळ्याला कारण, असं नाही म्हणत. चोरी त्याने केली होती. पण त्याच्या हातात जे काही परतीचं तिकीट होतं, ते मी फाडलं. म्हणून आता चार ओळीच लिहितो. ज्याला त्यात मॅनेज झाल्यासारखं वाटतं त्याने खुशाल वाटून घ्यावं.

कायद्याचं बोलू, कारण "कायदाच नेभळट आहे" म्हणणाऱ्यांपैकी दहातल्या नऊ जणांनी तो उघडून बघितलेला नाही. बाल न्याय कायदा २०१५, लागू झाला जानेवारी २०१६ मध्ये. त्याचं कलम ७४ सांगतं की अशा मुलाचं नाव, पत्ता, शाळा किंवा ओळख पटेल असा कोणताही तपशील वर्तमानपत्रात किंवा इतर कोणत्याही माध्यमात द्यायचा नाही. शिक्षा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. "इतर कोणत्याही" मध्ये तुमचा ग्रुप येतो, ॲडमिन साहेब. इनबॉक्सात फोटो घेऊन आलेल्या मित्राने हे दोनदा वाचावं. आणि प्रेसनोटसोबत साहेब खुर्चीत, मागे ओळीत उभी पोरं, चेहऱ्यावर इतका बारीक ब्लर की शेजारची म्हातारीसुद्धा चष्म्याशिवाय ओळखेल, असे फोटो पाठवणाऱ्यांनीही वाचावं.

त्याच कायद्यात एक तत्त्व आहे, नव्याने सुरुवात करण्याचं. मुलाची चौकशी संपली, आदेश झाला, अपिलाची मुदत गेली, की काही अपवाद सोडले तर त्याच्या गुन्ह्याची नोंद नष्ट करायची. नोकरीला, प्रवेशाला ती आड येता कामा नये. म्हणजे सरकार स्वतःच्या दप्तरातला कागद फाडायला तयार आहे. आपण मात्र स्क्रीनशॉट सांभाळून ठेवतो.

आणि मोटारसायकलची साधी चोरी या कायद्यात कुठल्या खान्यात येते माहीत आहे? तीन वर्षांपर्यंत शिक्षेचा गुन्हा, म्हणून क्षुल्लक अपराध. बाल न्याय मंडळाने चौकशी चार महिन्यांत संपवायची, फार तर आणखी दोन महिने. तेवढ्यात नाही संपली तर प्रकरण बंद. हे मंडळ म्हणजे एक न्यायदंडाधिकारी आणि दोन समाजकार्यकर्ते, त्यात किमान एक बाई. पोराला लॉकअपमध्ये ठेवायचं नाही, बेडी घालायची नाही, २४ तासांत मंडळापुढे न्यायचं. हे सगळं लिहिलेलं आहे. आपल्या दोन्ही जिल्ह्यांत किती वेळा असंच घडतं ते क्राइम बघणाऱ्या कोणत्याही पत्रकाराला विचारा, तो आधी इकडेतिकडे बघेल.

"पण भाऊ, ज्याची गाडी गेली त्याचं काय?"

त्याचा राग खरा आहे. माझीही गेलीय. हप्ते चालू होते, बायकोचा दवाखाना चालू होता, आणि मार्केटच्या खालून गाडी गेली. आठ दिवस मी प्रत्येक काळ्या स्प्लेंडरकडे चोराकडे बघावं तसं बघत होतो. तेव्हा मला कुणी "बालकाचे पुनर्वसन" असं म्हटलं असतं तर मी त्याच्या अंगावर धावून गेलो असतो. म्हणून रागावलेल्याला मी शहाणपण शिकवत नाही. मी त्याला एवढंच विचारतो की तुझी गाडी त्या पोऱ्याने चोरली, घेतली कुणी?

सोळा वर्षांचं पोरगं गाडी घेऊन काय करणार? आरसी बुक नाही, लायसन नाही. दोन-चार हजारात ती कुणीतरी मोठा माणूस घेतो. कुणी तिचे पार्ट सुटे करतो, कुणी चेसिस नंबर घासतो, कुणी आडगावच्या शेतावर चालवायला लांब विकतो. कॉमिकमधल्या त्या म्हातारीसारखा प्रत्येक पोरामागे एक जण असतो, कधी बोळात, कधी चांगल्या पांढऱ्या कपड्यात. आणि कायदा त्याच्या बाबतीत अजिबात नेभळट नाही. मुलांना बेकायदा कामाला लावणाऱ्या मोठ्या माणसाला कलम ८३ खाली सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि पाच लाख दंड आहे. हे कलम लागल्याची प्रेसनोट माझ्या वीस वर्षांच्या नोकरीत माझ्या टेबलावर आलेली नाही. पोऱ्याचा फोटो येतो. माल घेणाऱ्याचा येत नाही. आणि आपण खाली कधी विचारत नाही की तो कुठे आहे. आपण विचारतो आडनाव.

आडनाव! हा आपला जुना रोग आहे. १८७१ साली इंग्रजांनी कायदा करून अख्ख्या जमातीच्या जमाती जन्माने गुन्हेगार ठरवल्या. १९५२ साली आपण तो रद्द केला. कागदावर. गंमत बघा, त्याच इंग्रजांनी त्याआधी आपल्याच खानदेशात उलटा प्रयोग केला होता. १८२५ साली आउटरमने धरणगावला खानदेश भिल्ल पलटण उभी केली. ज्यांना कंपनी सरकार लुटारू म्हणत होतं त्यांनाच बंदुका आणि पगार दिला. त्यात त्यांचा स्वार्थ होता, भूतदया वगैरे काही नव्हती, हे मला माहीत आहे. पण हातातली काठी काढून घ्यायची तर दुसरं काहीतरी हातात द्यावं लागतं, एवढं त्या गोऱ्या अधिकाऱ्याला कळलं होतं. दोनशे वर्षं झाली, आपल्या ग्रुप ॲडमिनला अजून कळायचंय.

आता तुम्ही पुण्याचं काढणार. काढाच.

१९ मे २०२४, कल्याणीनगर. पोर्शे गाडी, सतरा वर्षांचा मुलगा, दोन तरुण इंजिनीअर जागीच संपले. काही तासांत जामीन, अटींमध्ये ३०० शब्दांचा निबंध. सगळा देश भडकला, मीपण भडकलो. त्या दिवसापासून पोरांना दुसरी संधी हा शब्द उच्चारला की लोक म्हणतात, हो हो, निबंध लिहून घ्या. पण थोडं थांबून बघा ना. लाज वाटावी असं नेमकं काय होतं त्यात? ससूनच्या दोन डॉक्टरांना रक्ताचा नमुना बदलल्याच्या आरोपाखाली अटक झाली. मुलाचे आईवडील अटकेत गेले. हा प्रश्न कायद्यातल्या मायेचा नाही. ज्याच्या खिशात पैसा आहे त्याला पहिल्याच रात्री संधी मिळते, तीही चोरवाटेने, हा तो प्रश्न आहे. आणि त्याचा सूड आपण घेतो कुणावर? टाकीमागच्या गल्लीतल्या पोरावर. पोर्शेवाल्याचं काही वाकडं करता येत नाही, म्हणून स्प्लेंडरवाल्याला चौकात बांधा!

पुण्याचंच दुसरं प्रकरण सांगतो, ते तुमच्या ग्रुपवर आलं नसेल. १९९४ साली तिथे एका घरात सात खून झाले. भयंकर प्रकरण. पकडलेल्यांत एक जण राजस्थानातून आलेला. वय जास्त नोंदलं गेलं, फाशीची शिक्षा झाली, सुप्रीम कोर्टापर्यंत कायम राहिली. गावच्या शाळेच्या रजिस्टरची तारीख शेवटी जेव्हा तपासली गेली तेव्हा कळलं की गुन्ह्याच्या वेळी तो साडेबारा वर्षांचा होता. मार्च २०२३ मध्ये सुप्रीम कोर्टाने त्याला सोडलं. कायद्याने जास्तीत जास्त तीन वर्षं ठेवता आलं असतं. तो २८ वर्षांहून जास्त आत होता, त्यातली बरीच फाशीच्या सावलीत. आत राहून शिकला, परीक्षा दिल्या.

एका शहरात, एका कायद्याच्या दोन टोकांना हे दोघे. एकाच्या वेळी सगळ्यांना वय माहीत होतं आणि त्याच्यासाठी रक्त बदललं गेल्याचा आरोप झाला. दुसऱ्याचं वय बघायला कुणाला २५ वर्षं सवड नव्हती.

"मग बलात्कार, खून करणाऱ्या सतरा वर्षांच्यालाही सोडायचं का?" नाही. २०१५ च्या कायद्यात त्याची सोय आहे, दिल्लीच्या प्रकरणानंतर मुद्दाम केलेली. सोळा ते अठरा वयाचा मुलगा, अतिगंभीर गुन्हा, तर मंडळ त्याची समज तपासतं आणि प्रौढासारखा खटला चालवायला बालन्यायालयाकडे पाठवू शकतं. मला ती तरतूद पूर्ण पटत नाही, पण ती आहे. तेव्हा "कायदा कडक करा"ची पोस्ट फिरवण्याआधी आहे तो कायदा वापरला जातोय का ते विचारा. सायकलचोराला खुन्याच्या रांगेत उभं करायला मात्र माझी बोटं चालणार नाहीत.

गर्दीला न्याय कळतो असं ज्यांना वाटतं त्यांना मी फक्त राईनपाड्याची आठवण देतो. १ जुलै २०१८, साक्री तालुका, आठवडे बाजाराचा दिवस. मुलं पळवणारी टोळी फिरतेय असा मेसेज आपल्याच फोनांवर फिरत होता. नाथपंथी डवरी गोसावी समाजाची पाच माणसं, भिक्षा मागणारी, मंगळवेढ्याकडची. ग्रामपंचायतीच्या खोलीत ठेचून मारली. पाचांपैकी एकानेही मूल पळवलं नव्हतं. त्या मेसेजला तेव्हा अंगठे देणाऱ्यांतले काही आजही माझ्या यादीत आहेत आणि कालच्या बातमीखाली "फटके द्या" लिहून गेलेत. नावं माहीत आहेत मला. छापत नाही. बघा, ओळख लपवण्याचा फायदा तुम्हालाही होतो.

आता ज्यासाठी एवढं लिहिलं ते. एक पोऱ्या आहे. गाड्या चोरण्यात सापडला होता, मंडळापुढे प्रकरण चाललं, संपलं, आता अठरा पूर्ण झालेत. निरीक्षणगृहातून सुटल्यावर एका गॅरेजच्या मिस्तरीने त्याला ठेवून घेतलं होतं. तो मिस्तरी मला म्हणाला होता, "गाडी खोलायला येतेच याला, आता बसवायला शिकवतो." सात महिने ठेवला. एक रुपया, एक नट इकडचा तिकडे झाला नाही. मग कुणीतरी जुन्या प्रेसनोटचा तो ब्लर केलेला फोटो गल्लीच्या ग्रुपवर परत टाकला, खाली लिहिलं, ओळखा पाहू. गिऱ्हाईकं गाडी लावायला कचरायला लागली. मिस्तरीलाही घर आहे, दोन मुली आहेत. त्याने पोऱ्याला हात जोडले आणि जा म्हटलं. मी त्याला दोष देत नाही.

फोटो टाकणारा सापडला तर कलम ७४ ची तक्रार मी करणार आहे, माझ्या सहीने. पण त्याने पोऱ्याला काम मिळत नाही.

म्हणून जळगाव, धुळे, अमळनेर, पारोळा, चाळीसगाव, कुठेही चालेल. आयटीआयच्या प्रवेशाचं मी बघतोय, तोवर गॅरेज, वेल्डिंग, पंप दुरुस्ती, काहीही. राहायची सोय असेल तर जास्त बरं. ज्याच्याकडे जागा असेल त्याने इनबॉक्स करा. नाव, गाव, आडनाव विचारलंत तर मी उत्तर देणार नाही. काम काय येतं ते विचारा. स्प्लेंडरचं इंजिन तो एका बसणीत खोलून परत बसवतो, मी समोर बसून बघितलंय, माझ्याच गाडीचं होतं.